खान्देशी ताटातलं मीठ कमी करताना: एका पापडवालीचा हिशेब

मिठाची नवी पुडी फोडाल तेव्हा तिच्यावर पेनाने तारीख टाका. बाकी काही बदलायच्या आधी एवढंच करा. पुडी संपली की दिवस मोजा. घरात मोठी माणसं चार आणि एक किलोची पुडी महिन्यात संपत असेल, तर माणशी रोज ८ ग्रॅमच्या वर मीठ जातंय. जागतिक आरोग्य संघटना सांगते, ५ ग्रॅमच्या आत राहा. त्या हिशेबाने चार जणांना किलोभर मीठ ५० दिवस पुरायला हवं. तेही घरात पापड, लोणचं, शेव, फरसाण काहीच येत नसेल तर. खान्देशात असं घर मला अजून दिसायचं आहे.

मी अमळनेरला राहते. उन्हाळ्यात उडदाचे पापड, बिबडे (ज्वारीच्या शिजवलेल्या घाटाचे पापड), कुरडया करून विकते, म्हणून घरात ग्रॅमचा काटा आहे आणि वहीत हिशेब लिहायची सवय आहे. आमच्या ह्यांना बीपी निघालं तेव्हा वरचा आकडा १६० च्या पुढे होता. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली आणि म्हणाले, मीठ कमी करा. किती कमी, कशातून कमी, ते विचारायला वेळ नव्हता, बाहेर अर्धा तालुका बसला होता. मग मी काटा काढला.

आधी थोडक्यात, मिठाने बीपी का वाढतं ते. मिठात वजनाने ४० टक्के सोडियम असतं. ते जास्त झालं की शरीर पाणी धरून ठेवतं, रक्ताचं प्रमाण वाढतं आणि रक्तवाहिन्यांवर दाब पडतो. दिवसाचं चार-पाच ग्रॅम मीठ कमी केलं, तर बीपी असलेल्या माणसाचा वरचा आकडा सरासरी ५ च्या आसपास उतरतो. कुणाचा जास्त उतरतो, कुणाचा कमी. गोळी मात्र चालूच ठेवायची. आकडा खाली आल्यावर गोळीचं काय करायचं ते डॉक्टर ठरवतील. शेजारच्या काकूंचा भाऊ गोळी सोडून ठणठणीत असला तरी.

ताटात मिठाचा पदार्थ एकच

मीठ कमी करायचं म्हटलं की बाया सगळ्या भांड्यांत थोडं थोडं कमी घालतात. भाजीत थोडं कमी, वरणात थोडं कमी, भाकरीत थोडं कमी. त्याने सगळं जेवणच पाणचट लागतं, आणि घरातलं माणूस चार दिवसांत मिठाची वाटी ताटाशेजारी मागून घेतं. आमच्याकडे पहिल्या आठवड्यात हेच ऐकू यायचं: "आज भाजीमा मीठ टाकानं भुली गयी का?"

माझं सांगणं उलट आहे. ताटातला एक पदार्थ चवीचा ठेवा, जो जिभेला पहिला लागतो तो. बहुतेक भाजी किंवा आमटी. बाकीच्यांतून मीठ काढूनच टाका. भाकरी, भात, कोशिंबीर, ताक, कणीक यांत मीठ नसलं तरी कळत नाही, कारण घास आपण भाजीला लावूनच खातो.

आता आपलं नेहमीचं ताट बघा. कळण्याची भाकरी, वांग्याचं भरीत, ठेचा, पापड, लोणच्याची फोड, वर ताक. यात मीठ सहा ठिकाणी आहे. कळण्याच्या भाकरीत तर ते पिठातच असतं, कारण ज्वारी आणि उडीद दळायला देतानाच आपण त्यात खडेमीठ टाकतो. पंधरा दिवसांचं दळण एकदा खारवलं की रोज कमी करायची सोयच राहत नाही. म्हणून पहिला बदल गिरणीवरच करा, कळणा बिनमिठाचा दळून आणा. उडदाची स्वतःची चव असते आणि भाकरी गरम असेल तर भरताबरोबर ती बिनमिठाची आहे हे सांगावं लागतं. आमच्या सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही.

वरण-बट्टीचंही तसंच. बट्टीच्या पिठात ओवा, हळद, तेलाचं मोहन असतं. मीठ काढलं तर बट्टी फुगायची राहत नाही की खुसखुशीतपणा जात नाही. वरणात चवीपुरतं मीठ ठेवा, वांग्याच्या घोटलेल्या भाजीत ठेवा. इथे मिठाचे पदार्थ दोन झाले, मान्य. पंगतीचं जेवण आहे, रोजचं नाही.

वाटी

रोज सकाळी घराचं दिवसभराचं मीठ एका लहान वाटीत काढून ठेवायचं आणि रात्रीपर्यंत त्यातूनच घ्यायचं. मोठी बरणी वरच्या फळीवर. हाताने, अंदाजाने मीठ टाकणाऱ्या बाईला (म्हणजे आपल्या सगळ्यांनाच) याशिवाय दुसरा उपाय मला दिसला नाही.

किती काढायचं? माणशी ५ ग्रॅममधले २ ग्रॅम बाहेरच्या वस्तूंना सोडा: बिस्किट, पाव, शेव, लोणचं. उरले ३ ग्रॅम स्वयंपाकाला. चार माणसांचे १२. माझ्या काट्यावर बारीक मिठाचा सपाट केलेला चहाचा चमचा सहा ग्रॅमच्या आसपास भरतो, म्हणजे दोन सपाट चमचे. शीग लावलेला चमचा धरू नका, त्यात दीडपट-दुप्पट मावतं. खडेमीठ वापरत असाल तर ते कुटून मग मोजा, खड्यांमध्ये जागा राहते.

एकदम दोन चमच्यांवर येऊ नका. आधी सध्या किती लागतं ते मोजा. समजा पाच चमचे लागतात, तर दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करत या. जिभेला नव्या चवीची सवय व्हायला काही आठवडे लागतात, आणि एकदा झाली की जुनी चव खारट लागायला लागते. आमच्याकडे कुणाला न सांगता हे सुरू केलं. जाहीर केलं की माणसं पहिल्या घासापासून खोड काढायला बसतात.

आणि मिठाची वाटी ताटाजवळ ठेवायची नाही. पान वाढताना डावीकडे मीठ ठेवायची रीत आहे. तिथे मी लिंबाची फोड ठेवते.

कुठल्या भांड्यात काय करायचं

मीठ शेवटी घाला. सुरुवातीला फोडणीत टाकलेलं मीठ भाजीच्या पोटात जातं आणि जिभेला कमी लागतं. वरून, उतरवताना घातलेलं तेवढंच मीठ जास्त जाणवतं. फक्त चव बघताना उकळतं चाखू नका, बशीत घेऊन कोमट होऊ द्या. चटका बसत असताना मीठ कमीच वाटतं.

पालेभाजीत हे जास्त महत्त्वाचं. मेथी किंवा पोकळ्याची जुडी कढईत डोंगराएवढी दिसते, त्या अंदाजाने मीठ पडतं आणि भाजी मूठभर उरते. आळू द्या, मग घाला.

भरीत हा बीपीवाल्यासाठी आपल्याकडचा सगळ्यात चांगला पदार्थ आहे असं माझं मत आहे, फक्त तेलावर हात आवरा. कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्याला धुराची चव येते आणि ती चव मिठाचं अर्धं काम करते. गॅसवर भाजलेल्याला तेवढी येत नाही, म्हणून तिथे लसूण वाढवा. हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, कोथिंबीर, सगळं घोटून झाल्यावर मीठ. मिरची-लसूण ठेचताना मीठ घालून ठेचायची सवय असते, कारण त्याने बारीक लवकर होतं. त्याऐवजी दाणे घालून ठेचा.

तिखटाचा एक घोळ आहे. आपण खान्देशी माणसं म्हणतो की आम्हाला तिखट लागतं, मिठाचं काय एवढं. पण नुसतं तिखट जाळतं, ते गोल करायला हात आपोआप मिठाकडे जातो. रस्सा जितका झणझणीत, तितकं मीठ जास्त. म्हणून मिठाबरोबर मिरचीही थोडी उतरवा आणि मसाल्याची दुसरी बाजू चढवा: भाजलेला कांदा, काळं केलेलं खोबरं, तीळ, धणे, दगडफूल, जिरं. घरचा काळा मसाला असेल तर उत्तमच. विकतचा घेत असाल तर पाकिटावर घटकांत मीठ आहे का ते बघा, पुष्कळदा असतं, आणि आपण वरून पुन्हा घालतो.

आंबट हा मिठाचा सगळ्यात जवळचा नातेवाईक. गंगाफळाच्या (लाल भोपळ्याच्या) भाजीत आमसूल, डाळीत कैरीची फोड, उसळीवर लिंबू, डुबुकवड्यांच्या आमटीत चिंच. आंबट वाढवलं की मीठ कमी आहे हे लक्षात येत नाही. यात खर्च नाही आणि चारचौघांत पाहुण्यांनाही चालतं.

पापड, बिबडे, कुरडया

आता माझ्या धंद्याबद्दल. माझ्या उडदाच्या पापडाचं जुनं माप एक किलो पिठाला ४० ग्रॅम मीठ आणि ३० ग्रॅम पापडखार असं होतं. किलोचे ९० च्या आसपास पापड होतात. म्हणजे एका पापडात जवळजवळ अर्धा ग्रॅम मीठ. पण पापडखारही सोडियमचाच असतो, तो धरला की एक पापड पाऊण ग्रॅम मिठाच्या जवळ जातो. जेवताना दोन पापड खाल्ले की दिवसाच्या पाच ग्रॅममधला पाव हिस्सा गेला, अजून भाजीला हात लागलेला नाही.

लोक मला सांगतात, आम्ही तळलेला नाही, भाजलेला खातो. तेल वाचतं, ते चांगलंच. मीठ जेवढ्यास तेवढं राहतं.

घरी करत असाल तर मीठ ४० वरून २५ वर आणा, मिरं-जिरं वाढवा. पापडखार फार कमी केला तर पापड फुलत नाही आणि दाताखाली वातड येतो, म्हणून त्याला मी थोडाच हात लावते. मग उपाय उरतो तो कमी खाण्याचा. आमच्या घरी पापड रविवारी आणि पाहुणे आले की. इतर दिवशी ज्वारीचं धान भाजून किंवा भुईमुगाच्या शेंगा. (गिऱ्हाइकांनी हे वाचू नये.)

बिबडे आणि कुरडयांत एक गोष्ट नव्या मुलींना माहीत नसते. घाट किंवा चीक शिजवताना चाखून बरोबर लागला, तर वाळल्यावर तो खारट होणारच, कारण पाणी उडून जातं आणि मीठ तिथेच राहतं. चाखताना अळणी वाटला पाहिजे. बिबड्यांत लसूण, तीळ, मिरची भरपूर असते, तिथे मीठ निम्मं केलं तरी मागणी कमी झालेली नाही.

लोणच्यात मात्र मीठ कमी करायला जाऊ नका. ते तिथे टिकवायला आहे, कमी पडलं की बुरशी धरते. वर्षाचं लोणचं मिठाशिवाय होत नाही, तेव्हा खाण्यावरच आवर घाला: एक लहान फोड, खार निथळून. नाहीतर कैरी किसून तिखट, गूळ, मोहरीची फोडणी आणि नावाला मीठ, दोन दिवसांत संपेल एवढंच करा.

शेव, भत्ता, वेफर्स

आमच्या ह्यांचं खरं मीठ इथे होतं. घरात मी चमचे मोजत होते आणि हे संध्याकाळी स्टँडजवळ भत्ता खाऊन येत होते. भत्त्यातली शेव खारी, शेंगदाणे खारे, आणि मुरमुरेसुद्धा खारे, कारण भाजायच्या आधी तांदळाला मिठाचं पाणी लावलेलं असतं. वर भत्तेवाला कांद्यावर मीठ भुरभुरतो ते वेगळंच. घरी करताना बिनमिठाचे फुटाणे आणि कच्चे दाणे भाजून घ्या, कांदा, टोमॅटो, कैरी, कोथिंबीर भरपूर, मुरमुरे थोडे, शेव वरून दिसण्यापुरती.

केळीचे वेफर्स तळताना कढईत मिठाचं पाणी सोडतात, ते तडतडतं ते त्यामुळेच. समोर तळणारा ओळखीचा असेल तर पहिला घाणा बिनमिठाचा काढून देतो, वर मिरपूड टाकून घ्या. पण जळगाव जिल्ह्यात राहून केळं सोडून वेफर्स खाणं मला पटत नाही. केळ्यात पोटॅशियम चांगलं असतं, ते सोडियमच्या उलट काम करतं आणि बीपीला मदत करतं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र केळी, नारळपाणी यांचंही प्रमाण डॉक्टरांना विचारूनच.

पाकीटबंद वस्तूवर मागच्या बाजूला सोडियमचा आकडा मिलिग्रॅममध्ये असतो. त्याला अडीचने गुणा म्हणजे मीठ किती ते कळतं. १०० ग्रॅमला ८०० मिलिग्रॅम सोडियम लिहिलं असेल, तर २ ग्रॅम मीठ. सुट्या शेवेवर काहीच लिहिलेलं नसतं, तेव्हा ती त्याच्याइतकी किंवा जास्त धरा. गोड बिस्किटांतही सोडियम असतं, खायचा सोडा असतो ना. पित्त झालं म्हणून पाण्यात टाकून पितात त्या फसफसणाऱ्या पुडीत आणि पाण्यात विरघळणाऱ्या गोळ्यांतही सोडियम असतं. रोज घेत असाल तर डॉक्टरांच्या कानावर घाला.

सैंधव आणि कमी सोडियमचं मीठ

सैंधवाने बीपी वाढत नाही, असं आमच्या गल्लीत ठाम मत आहे. सैंधव काय, काळं मीठ काय, समुद्राचं मीठ काय, बहुतेक भाग सोडियम क्लोराइडच. उपवासाला चालतं, बीपीला चालतं असं नाही. शिवाय पुष्कळ सैंधवात आयोडीन मिसळलेलं नसतं. थोडंच मीठ खायचं आहे तर ते आयोडीनयुक्तच असू द्या.

दुकानात कमी सोडियमचं मीठ मिळतं ते वेगळं. त्यात काही भाग सोडियम क्लोराइड काढून पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. याचा खरंच उपयोग होतो. चीनमधल्या ६०० गावांत सुमारे २१ हजार लोकांवर केलेला अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना आधी पक्षाघात होऊन गेला होता किंवा जे साठीच्या पुढचे आणि बीपीचे होते, अशांपैकी निम्म्या गावांतल्यांना पाऊण भाग साधं मीठ आणि पाव भाग पोटॅशियम क्लोराइड असं मिश्रण दिलं. त्यांच्यात पक्षाघाताचं प्रमाण १४ टक्क्यांनी कमी निघालं. जागतिक आरोग्य संघटनेनेही जानेवारी २०२५ मध्ये घरच्या स्वयंपाकात असं मीठ वापरायचं सुचवलं आहे.

पण हे मीठ दुकानातून थेट डब्यात ओतू नका. मूत्रपिंड कमजोर असेल तर पोटॅशियम बाहेर पडत नाही, रक्तात साठतं आणि हृदयाचे ठोके बिघडतात. बीपीच्या काही गोळ्याही पोटॅशियम वाढवतात: टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल, एनालाप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन. आपल्या गोळीच्या पट्टीवर मोठ्या नावाखाली बारीक अक्षरात हे नाव असतं, बघून घ्या. यातलं काही चालू असेल, मधुमेह असेल किंवा घरात गरोदर बाई, लहान मुलं त्याच भांड्यातलं जेवत असतील, तर आधी डॉक्टरांना विचारा. ते क्रिएटिनिन (त्यावरून मूत्रपिंड कसं चालतंय ते कळतं) आणि पोटॅशियमची रक्ततपासणी करून हो किंवा नाही सांगतील. आमच्या ह्यांना टेल्मिसार्टन चालू आहे. डॉक्टरांनी तपासणी करून सध्या साधंच मीठ, पण कमी, असं सांगितलं, म्हणून आमच्याकडे वाटीच चालते.

उन्हाळ्याचं काय

मे महिन्यात इकडे पारा ४५ च्या आसपास जातो आणि प्रत्येक जण सांगतो, घाम जातो, मीठ खा. सावलीत, पंख्याखाली बसणाऱ्याला जास्तीचं मीठ लागत नाही. त्याला पाणी लागतं. ताक, पन्हं, लिंबू सरबत प्या, पण प्रत्येक पेल्यात चिमूटभर मीठ नको. मी चिमटीतलं मीठ काट्यावर टाकून बघितलं, पाच चिमटींचे दोन ग्रॅम झाले. उन्हाळ्यात दिवसाला पाच पेले काहीच नाहीत. ताकात भाजलेलं जिरं, पुदिना, आल्याचा रस घाला. पन्ह्यात वेलची पुरते.

ओआरएसची पुडी जुलाब-उलट्यांसाठी किंवा उन्हाने फार पाणी गेल्यावर असते. एक लिटरला त्यात २.६ ग्रॅम मीठ असतं, रोज सरबत म्हणून प्यायची ती वस्तू नाही.

दिवसभर शेतात राबणाऱ्याची गोष्ट निराळी. केळीत पाणी भरणारा, कपाशी निंदणारी बाई यांचं मीठ घामातून जातं. त्यांनाही खारे शेंगदाणे किंवा मिठाच्या गोळ्या लागत नाहीत, घरच्या जेवणातलं मीठ बहुतेक वेळा पुरतं, पण माझा दोन चमच्यांचा हिशेब त्यांच्यावर लादू नका. बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध असेल आणि उन्हाळ्यात उठताना डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, पायात गोळे येत असतील, तर बीपी मोजा आणि दवाखान्यात जा. म्हाताऱ्या माणसाचं मीठ एकदम बंद करणं तर मुळीच नको. रक्तातलं सोडियम फार उतरलं की माणूस गळून जातो, बोलण्यात भरकटतो.

वहीत काय लिहायचं

बीपी मोजायचं मशीन दंडावर पट्टा बांधायचं घ्या, मनगटावरचं नको. चहा, तंबाखू, विडी झाल्यावर अर्धा तास थांबा. लघवीला जाऊन या. पाठ टेकून, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीला टेबलावर, पाच मिनिटं गप्प बसा. आमच्या ह्यांना गप्प बसवणं हाच यातला अवघड भाग. मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजा, दोन्ही आकडे लिहा. घरी मोजलेलं १३५/८५ च्या वर वारंवार येत असेल तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा. वरचा आकडा १८० च्या किंवा खालचा १२० च्या वर गेला आणि छातीत दुखतंय, दम लागतोय, तोंड वाकडं होतंय, हातात जोर नाही, बोलणं अडखळतंय असं काही दिसलं, तर वही राहू द्या, गाडी काढा.

त्याच वहीत एका कोपऱ्यात मिठाच्या पुडीची तारीख. लग्नाची जेवणं आणि ढाबा यांचीही खूण करा, कारण खारट जेवणाच्या दुसऱ्या दिवशी आकडा चढलेला दिसला की आमच्या ह्यांना माझं बोलणं आपोआप पटतं.

ढाब्यावर शेवभाजी हवीच असते, ती बंद करायला मी कुणाला सांगत नाही. रस्सा आधीच करून ठेवलेला असतो, त्यातलं मीठ आपल्या हातात नाही. शेवेत पुन्हा मीठ, वरून पापड. तिथे आम्ही शेव वेगळ्या वाटीत मागतो आणि निम्मीच टाकतो, पापड परत पाठवतो, कांदा-लिंबू दोनदा मागतो, आणि दोघांत एकच भाजी. भाकरी मऊ करायला रस्सा लागतो तेवढा घ्यायचा. घरी कढईत शेवभाजी करताना रश्शात मीठ घालायचंच नाही. शेव टाका, दोन मिनिटं झाकण ठेवा, शेवेचं मीठ रश्शात उतरेल, मग चाखा. दहातल्या नऊ वेळा वाटीला हात लावावा लागत नाही.